मेनिंजायटिसचा माग निरोगी घशांतून

परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला की लशींची यादी हातात पडते आणि गोव्यातल्या घरांत दरवर्षी तोच प्रश्न निघतो. 'मेनिंजायटिसची लस कशाला? गावात कुणाला झालेला नाही, ओळखीत कुणाला नाही.' हजला जाणाऱ्यांनाही ही लस सक्तीची असते आणि तेही हेच विचारतात. रोगी असेल तिथेच जंतू असणार, असा समज या प्रश्नामागे आहे. मेनिंगोकॉकस या जंतूच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीच्या आवरणांना सूज येते तो मेनिंजायटिस. तो विषाणूंमुळे होतो, इतर जीवाणूंमुळेही होतो. पण साथीच्या रूपात देशच्या देश हादरवणारा जीवाणू मुख्यतः मेनिंगोकॉकसच. व्हिएन्नात वाइकसेलबाउम यांनी १८८७ साली तो वेगळा काढला. साधारण दहातल्या एका धडधाकट माणसाच्या घशात तो मुकाट्याने राहतो, लाळेतून आणि जवळच्या सहवासातून दुसऱ्या घशात जातो. हजारोंतल्या एखाद्याच्याच रक्तात तो शिरतो. समजा, एक रोगी गोव्याच्या उत्तर टोकाला पेडण्यात सापडला आणि दुसरा दक्षिण टोकाला काणकोणात. दोघांची कधी गाठ पडलेली नाही. मधली सगळी साखळी खोकलाही नसलेल्या माणसांची आहे. रोग्यांच्या पत्त्यांवर नकाशात टाचण्या टोचून ती दिसायची नाही.

मग माग काढायचा कसा? पूर्वी जंतूच्या बाहेरच्या शर्करावेष्टणावरून गट ठरवत: ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय. लस निवडायला ते आजही लागतं. पण हा जंतू वेष्टण बदलू शकतो. काल 'सी' असलेला वंश उद्या 'डब्ल्यू' होऊन समोर येतो. म्हणजे वेष्टणावरून वंश ओळखायला गेलात तर फसलात.

१९९८ मध्ये मार्टिन मेडन आणि सहकाऱ्यांनी यावर जी युक्ती काढली ती मला जीवशास्त्रातल्या सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. त्यांनी आधी सहा जनुकं निवडली, पुढे सातवं जोडलं, सगळी पेशीच्या रोजच्या कारभारातली. ही जनुकं आपल्या प्रतिकारशक्तीच्या नजरेत येत नाहीत, त्यामुळे घाईने बदलत नाहीत. प्रत्येक जनुकाचा साडेचारशे-पाचशे अक्षरांचा तुकडा वाचायचा. त्या तुकड्याचं आजवर न दिसलेलं रूप मिळालं की त्याला पुढचा क्रमांक द्यायचा. सात जनुकं, सात क्रमांक. अशा प्रत्येक ओळीला 'एसटी' (सीक्वेन्स टाइप) म्हणतात. २-३-४-३-८-४-६ ही ओळ म्हणजे एसटी-११ हा कुप्रसिद्ध वंश. ती ओळ ऑक्सफर्डमध्ये वाचा नाहीतर गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात, अर्थ एकच.

पण अक्षरं सोडून क्रमांक का? जनुकात एक अक्षर बदललं तरी नवा क्रमांक आणि वीस बदलली तरी नवा क्रमांक, हा हिशेब आधी चुकीचाच वाटतो. खुबी तिथेच आहे. हा जंतू मेलेल्या भाईबंदांचा डीएनए आत ओढून घेतो आणि आपल्यात जोडतो. आपला डीएनए ओळखायला त्याच्याकडे दहा अक्षरांची खूण असते, ती त्याच्या सुमारे बावीस लाख अक्षरांत दोन हजारांच्या आसपास ठिकाणी विखुरलेली आहे. भजनाची वही उतरवताना एखादं अक्षर चुकणं वेगळं आणि दुसऱ्या वहीतलं अख्खं कडवं आणून चिकटवणं वेगळं. कडवं चिकटवलं तर वीस अक्षरं बदलली तरी घटना एकच घडली. अक्षरं मोजली तर दोन सख्खे जंतू दूरचे भासतील. क्रमांक मोजला की घटना मोजली जाते. मूळ ओळीशी सातांपैकी चार किंवा अधिक क्रमांक जुळले की ते एकाच कुळातले धरतात.

या पद्धतीची मर्यादा इंग्लंडमध्ये दिसली. तिथे २००९-१० मध्ये 'डब्ल्यू' गटाचे २२ रोगी होते, २०१३-१४ मध्ये ११७ झाले. ते देशभर विखुरलेले होते. सात क्रमांक पाहिले तर एसटी-११. २००० सालच्या हजनंतर अनेक देशांत पसरलेला 'डब्ल्यू'ही एसटी-११च होता, तेव्हा तोच परतला असावा असं कुणालाही वाटलं असतं. मग सातांऐवजी जनुकसंचातली सुमारे १६०० सामाईक जनुकं त्याच रीतीने ताडून पाहिली. इंग्लंडमधला जंतू हजच्या साथीतल्या जंतूपेक्षा ब्राझील, अर्जेंटिना, चिलीतल्या जंतूंना जवळचा निघाला. यात्रेकरूंवर उगाच बसू शकणारा ठपका जनुकांनी पुसला. ऑगस्ट २०१५ पासून तिथल्या किशोरवयीन मुलांना लस सुरू झाली, कारण घशात जंतू बाळगणारे सर्वांत जास्त याच वयातले. 'सी' गटाच्या लशीने १९९९ नंतर घशातला 'सी' सुमारे दोन तृतीयांश घटवला होता आणि लस न घेतलेलेही वाचले होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. ताप, ताठलेली मान, उलट्या, बरळणं, उजेड न सोसणं, अंगावर दाबूनही न फिकटणारे जांभळट ठिपके, यांतलं काही दिसलं की दिष्ट (दृष्ट) काढत बसू नका, घाड्याकडे (मांत्रिकाकडे) जाऊ नका. हा रोग चोवीस तासांत माणूस नेऊ शकतो. कापराच्या पुरचुंडीने घशातला जंतू हलत नाही.

भारतात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून रोगी मोजतो. ते आवश्यकच आहे. पण वंश कळायला जंतू हाती लागावा लागतो आणि हा जंतू नाजूक आहे. पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी नितळ असायला हवं. ते गढूळ आलं आणि नेहमीच्या सवयीने बर्फाच्या डब्यात घालून वाळपईहून बांबोळीला निघालं, तर वाटेतच जंतू मरतो आणि वाढवायला काही उरत नाही. अँटिबायोटिकची पहिली मात्रा गेल्यावरही तो तासा-दोन तासांत नाहीसा होतो, आणि ती मात्रा नमुन्यासाठी थांबवायची नसते. म्हणून ते पाणी दोन नळ्यांत घ्यावं: एक जंतू वाढवण्यासाठी, बर्फाशिवाय, दुसरी पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती वाढवून जंतू ओळखणारी चाचणी), थंड. मेलेल्या जंतूचाही डीएनए दुसऱ्या नळीत वाचता येतो.