पाउच छापायला टाकण्याआधी

चिवडा, सावजी मसाला, संत्रा बर्फी, तिखट, पापड असा माल पाकिटात भरून विकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आधी मजकूर पक्का करा, डिझाइन मागाहून. ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे दर रंगाला वेगळा कोरलेला सिलिंडर लागणाऱ्या छपाईत, एक ओळ चुकली तरी त्या रंगाचा सिलिंडर नव्याने करावा लागतो. वर स्टिकर मारून चूक झाकायची सोयही पॅकबंद वस्तू नियम, २०११ मध्ये नाही. एमआरपी कमी करायची असेल तरच स्टिकर चालतो, तोही जुनी एमआरपी झाकली जाणार नाही असा.

सगळ्यात जास्त घोळ वजनाच्या ओळीत होतो. ग्रॅमसाठी इंग्रजीत नुसतं 'जी' हे एक अक्षर. 'जीएम', 'जीएमएस' लिहिलं की चूक. अर्धा किलो '०.५ किलो' असा लिहायचा नाही, ५०० ग्रॅमच लिहायचा. 'अंदाजे', 'किमान' हे शब्द नकोत. वजन निव्वळ मालाचं, पाउच सोडून. भरताना थोडंफार इकडेतिकडे होतंच. ५०० ग्रॅमच्या एका पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तूट नियमात बसते, पण तपासलेल्या पाकिटांची सरासरी ५०० च्या खाली जाता कामा नये. म्हणून काटा ४९० ला लावून 'सूट आहेच की' म्हणू नका. तिथेच केस होते.

एमआरपीच्या जोडीला आता एकक विक्री किंमत लागते: एक किलोच्या आतल्या पाकिटाला प्रति ग्रॅम, वरच्याला प्रति किलो, दोन दशांश स्थळांपर्यंत. २०० ग्रॅम चिवडा ९० रुपयांना असेल तर ०.४५ रुपये प्रति ग्रॅम. पाकीट १८० ग्रॅमचं केलं आणि किंमत ९० च ठेवली, तर हाच आकडा ०.५० होतो आणि गिऱ्हाइकाला दुकानात उभ्या उभ्या दिसतो. नियम आणला तो यासाठीच, आणि आमच्या मते बरंच झालं. नेमक्या एक किलोच्या पाकिटाला हा आकडा वेगळा लागत नाही.

भाषेचं लक्षात ठेवा. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. मराठी सोबत खुशाल घाला, पण फक्त मराठीवर भागत नाही. पत्ताही पुरता हवा. 'इतवारी, नागपूर' एवढ्याने काम होत नाही. घर क्रमांक, गल्ली, पिन सगळं टाका. माल दुसऱ्याकडून बनवून घेत असाल तर बनवणाऱ्याचं नाव-पत्ताही द्या. तक्रारीसाठी फोन आणि ईमेल चालू असलेलाच द्या. स्वतः पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत वैधमापन विभागाकडे (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) पॅकर म्हणून नोंदणीचा अर्ज करायचा असतो. हे बरेच जण विसरतात.

खाद्यपदार्थाला एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ आकडी परवाना/नोंदणी क्रमांक, बॅच नंबर आणि शाकाहारी असल्यास हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका लागतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहा. चिवड्यात पोहे जास्त असतील तर पोहे आधी, काजू कितीही मिरवायचे असले तरी. शेंगदाणे, काजू, दूध, गहू यांचा ॲलर्जीचा इशारा वेगळा लागतो. बर्फीत नुसता इसेन्स असेल तर पुढे रसाळ संत्र्याच्या फोडी छापू नका, ती दिशाभूल ठरते. मसाल्यांना पोषणमूल्यांचा तक्ता सक्तीचा नाही, पण पाकिटावर आरोग्याचा दावा केलात की लागतो.

एमआरपी, तारीख आणि बॅच छापून घेऊ नका. हा मजकूर पॅकिंगच्या वेळी एका जागी मारायला नियमाची मुभा आहे. त्यासाठी कोरी चौकट सोडा. २२ सप्टेंबर २०२५ ला नमकीनचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा कोरी चौकट असलेल्यांनी नुसता कोडरवरचा (पॅकिंगच्या वेळी किंमत-तारीख मारणारं यंत्र) आकडा बदलला. तीन महिन्यांच्या आत टिकणाऱ्या मालाला दिवस-महिना-वर्ष हवं, त्यापुढे महिना-वर्ष पुरतं. चौकटीवर व्हार्निश नको, शाई बसत नाही आणि तेलकट बोटाने तारीख पुसली जाते. थर्मल लेबल, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने अक्षर उमटणारं, तर मुळीच घेऊ नका. मे महिन्यात दुकानाबाहेर लडीत टांगलेलं पाकीट उन्हाने काळं पडतं, तारीख त्यातच बुडते.

प्रूफ, म्हणजे छपाईआधी मंजुरीला दिलेला नमुना, मोबाइलवर मोठं करून पाहू नका. खऱ्या मापात कागदावर काढा, रिकाम्या पाउचवर चिकटवा, हातभर अंतरावरून वाचा आणि मग सही करा.