स्क्रोल सॉचं पातं सारखं तुटतंय? आधी तुटलेले तुकडे बघा

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पातं वर-खाली चालवून लाकडात नक्षी कापणारं मशीन. त्याचं पातं तुटलं की तुकडे कचऱ्यात आणि लगेच दुसरं मशीनवर, असं करू नका. पातं कुठे तुटलं हे पाहिलं की बहुतेक वेळा कारण सापडतं. ते न शोधता नवं लावलं, तर तेही त्याच जागी जातं. मशीन बंद करा, प्लग काढा, दोन्ही तुकडे उजेडात कागदावर टोकाला टोक लावून ठेवा. बिनपिनचं (टोकांना आडवी पिन नसलेलं) पातं साधारण १२७ मिमी (५ इंच) लांब असतं. त्यात तुटलेली जागा टोकाजवळ आहे की मधल्या भागात, हे आधी ठरवा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जाड, कडक लाकडात अर्धा तास सलग चालून मग तुटलेलं पातं आपलं काम करून गेलेलं असतं. हे पत्रक लावल्यावर पाच मिनिटांत तुटणाऱ्या पात्यांसाठी आहे.

टोकाजवळ तुटलं तर: क्लॅम्प तपासा

क्लॅम्पच्या तोंडाशी, टोकापासून १०-१२ मिमीच्या आत तुटलं असेल तर पात्याला दोष देण्याआधी क्लॅम्पकडे वळा. वरचा आणि खालचा क्लॅम्प एका सरळ रेषेत नसले की पातं प्रत्येक फेरीला क्लॅम्पच्या कडेशी किंचित वाकतं. मिनिटाला १००० फेऱ्या धरल्या तर दहा मिनिटांत दहा हजार वेळा. तार मागे-पुढे वाकवून तोडतात, तसंच हे.

तपासायची पद्धत सोपी आहे. पातं फक्त खालच्या क्लॅम्पमध्ये घट्ट बसवा, वरचं टोक मोकळं ठेवा. पातं सरळ उभं राहून त्याचं टोक वरच्या क्लॅम्पच्या फटीत आपसूक आलं पाहिजे. ते डावीकडे, उजवीकडे किंवा पुढे-मागे झुकलं आणि बोटाने ओढून फटीत आणावं लागलं, तर दोष तिथेच आहे. बहुतेक क्लॅम्पमध्ये एका बाजूला हाताने फिरवायचा स्क्रू असतो आणि समोर ॲलन कीचा बारका स्क्रू. हा बारका स्क्रू पाव-पाव फेरा आत-बाहेर करून पातं मध्यावर आणा. मग पातं वरच्या क्लॅम्पमध्ये लावून खालचं टोक मोकळं सोडा आणि तीच तपासणी उलट दिशेने करा.

हे करताना स्क्रूचं टोकही बघा. फार दिवस वापरलेल्या स्क्रूच्या टोकाला मधोमध खड्डा पडतो किंवा एक कड वर येते. ती कड पात्यात रुतते आणि तिथूनच चीर सुरू होते. बारीक कानशीने टोक सपाट करा, नाहीतर स्क्रू बदला.

पातं निसटत असेल तर पक्कड लावून स्क्रू आवळायचा मोह आवरा. त्याने टोक चेपतं आणि आटेही जातात. नव्या पात्यांवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, आणि निसटण्याचं खरं कारण बहुधा तोच. दोन्ही टोकं स्पिरिटच्या फडक्याने पुसा, शेवटचा १० मिमी भाग २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासा, क्लॅम्पमध्ये साठलेला भुसा ब्रशने काढा. एवढं केलं की बोटांच्या जोराने आवळलेला स्क्रूही पातं धरून ठेवतो.

पिनवाल्या पात्यात पिनेशीच तुटत असेल तर पिन अडकते ती खाच झिजून तिरपी झाली आहे का ते पाहा.

मधल्या भागात तुटलं तर: ताण, जोर, धार

आधी ताण. सैल पातं लाकडाच्या दाबाने मागे कमानीसारखं वाकतं, वळणावर पिळवटतं आणि तुटतं. नवशिक्यांच्या हातून पाती जातात ती जास्त करून याच कारणाने, कारण तुटेल या भीतीने ताण कमी ठेवला जातो. नेमका ताण असा बघा: मशीन बंद असताना पात्याच्या मध्यावर बाजूने बोटाने हलकेच दाबा. पातं ३ मिमीपेक्षा जास्त हटता कामा नये. तंबोऱ्याच्या तारेसारखं छेडलं की स्वच्छ, उंच स्वर यायला हवा; भदभद आवाज आला तर ताण कमी आहे. पातं जितकं बारीक, तितका ताण बेतानेच वाढवा. नंबर मोठा तसं पातं जाड; २/० सारखं अगदी बारीक पातं ५ नंबरच्या ताणावर टिकणार नाही. पातं बदललं की ताण नव्याने लावा आणि काम संपलं की सोडून ठेवा. पीळदार (पीळ दिलेली, सगळीकडे दाते असलेली) पाती चालताना लांबतात, म्हणून त्यांचा ताण मध्येच एकदा पुन्हा बघावा लागतो.

ताण बरोबर असूनही मध्येच तुटत असेल तर तुटलेल्या भागाचा रंग बघा. दात्यांजवळ निळसर किंवा तपकिरी झाक असेल तर पातं तापलं होतं. बोथट धार, फार वेग आणि हाताचा जोर, हे तिन्ही सहसा एकत्रच येतात. धार गेली की लाकूड पुढे सरकत नाही, मग माणूस नकळत ढकलतो. कापलेली कड काळपट किंवा चकचकीत दिसली, जळका वास आला, की पातं बदलायची वेळ झाली. प्लाय आणि एमडीएफमधला डिंक धार फार लवकर खातो; तिथे ठरावीक वेळाने पातं बदलणंच बरं.

लाकडाला किती जोर द्यायचा? दाते कापतील तेवढ्याच वेगाने ते पुढे जाऊ द्या. पातं मागे वाकलेलं डोळ्यांना दिसलं तर जोर जास्त आहे.

जाडी आणि नंबर

३ मिमी प्लायच्या जाळीकामाला १ नंबर किंवा त्याहून बारीक, ६ ते १२ मिमीला ३ नंबर, १२ ते २० मिमीला ५, त्यापुढे ७, आणि फार जाड, कडक लाकडाला ९ ते १२. चार प्लाय एकावर एक चिकटवून कापत असाल तर जाडी चारही मिळून धरा. हे विसरल्याने बरीच बारीक पाती फुकट जातात. पातळ पत्र्यावर निदान दोन-तीन दाते एकाच वेळी टेकलेले हवेत, नाहीतर दाते अडकून पातं झटक्यात तुटतं.

दाते खालीच हवेत

पात्यावरून बोट हळूच खालून वर न्या. टोकं बोटाला अडली तर दाते बरोबर खाली आहेत. उलटं लागलेलं पातं लाकूड उचलून आपटतं आणि तुटतं. उलट्या दात्यांच्या पात्यात खालच्या टोकाचे काही दाते मुद्दामच वर तोंड करून असतात. मशीनचा हात सर्वांत वर असताना त्यातले दोन-तीनच टेबलाच्या वर दिसावेत. जास्त दिसत असतील तर खालच्या टोकाचा थोडा भाग पकडीने तोडून पातं खाली बसवा.

वळणावर तुटतं

ठोकून काढलेल्या पात्यांना एका कडेला बारीक बर (धातूची उठलेली कड) राहतो, त्यामुळे काप साधारण उजवीकडे ओढतो. हा पात्याचा दोष नाही. रेषेवर राहण्यासाठी पातं बाजूने दाबू नका. लाकूडच किंचित तिरपं धरून ढकला. तीक्ष्ण कोपऱ्यावर पुढचा जोर पूर्ण काढा, पात्याची पाठ टाकाऊ बाजूला टेकवा आणि लाकूड जागेवर फिरवा. आतल्या कापासाठी पाडलेलं भोक पात्याच्या रुंदीपेक्षा मोठंच हवं. पातं ओवताना त्याला एकदा घडी पडली की ते त्या घडीवरच तुटणार.

टेबलाशी काटकोनही बघून घ्या. गुण्या मावत नसेल तर २० मिमीच्या ठोकळ्यात छोटा काप घ्या आणि ठोकळा फिरवून पात्याच्या पाठीमागून तो काप पात्यावर सरकवा. सहज बसला तर टेबल सरळ आहे.

ॲक्रिलिक वितळून पात्यामागे परत चिकटतं. वेग कमी ठेवा, वरून पॅकिंग टेप लावा. पितळेच्या पत्र्याखाली प्लाय ठेवा, पात्याला मेण लावा आणि मशीन मंद चालवा.

हे सगळं तपासूनही तुटत असेल तर प्लग काढलेला असताना मशीनचा वरचा हात धरून बाजूला हलवून बघा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर बुश किंवा बेअरिंग झिजलं आहे आणि तिथे नवीन पात्याने काही साधणार नाही. खेळ जाणवत नसेल तर तुटलेलं पातं आमच्याकडे पाठवा. दोन्ही तुकडे चिकटपट्टीने कागदावर चिकटवा, वरच्या टोकाला खूण करा आणि शेजारी पात्याचा नंबर, लाकडाची जात, जाडी, मशीनचा वेग आणि पातं किती मिनिटं चाललं ते लिहा.