ग्रांदे बेटाचे प्रवाळ

गोव्याच्या मुरगाव तालुक्यात, वास्कोच्या दक्षिणेस अरबी समुद्रात असलेल्या ग्रांदे बेटाभोवती, उथळ पाण्यातील खडकांवर वाढणारी प्रवाळवस्ती. पोर्तुगीज भाषेत ‘ग्रांदे’ म्हणजे मोठे. शेजारच्या लहान बेटाला ‘पेकेनो’, म्हणजे धाकटे म्हणतात. लक्षद्वीपप्रमाणे येथे प्रवाळांनी स्वतः उभारलेली भित्ती नाही, तर किनारी खडकांना धरून तुटक वसाहती आहेत. गोव्यात प्रवाळ आहेत हे अनेक गोवेकरांनाही ठाऊक नसते, याचे कारण बहुधा हेच असावे.

हे पाणी मुळातच गढूळ असते. मांडवी व जुवारी या नद्या पावसाळ्यात डोंगरातली माती आणि खाणपट्ट्यातला गाळ घेऊन समुद्रास मिळतात. प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना प्रकाश हवा असतो. अंगावर बसलेला गाळ बुळबुळीत स्राव सोडून झटकण्यात प्रवाळाची बरीच शक्ती खर्च होते. म्हणून येथे टर्बिनारिया, पोरायटीस यांसारखे सोशिक प्रकारच टिकतात. टर्बिनारियाची वसाहत कोबीच्या सुटलेल्या पानांसारखी दिसते. तिच्या खोलगट घड्यांत गाळ साचून राहिला, तर तेवढाच भाग मरतो व बाकीचा वाढत राहतो. खडकांच्या कपारींत शेवंडांना आणि माशांच्या पिलांना आसरा मिळतो.

समुद्राचे तापमान नेहमीच्या कमाल मर्यादेपेक्षा अंशभर वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आपली शैवाले बाहेर टाकतात व पांढरे पडतात. जगभर चौथ्यांदा असे विरंजन चालू असल्याचे 2024 च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले. गोव्याच्या हाती या उष्णतेवर उपाय नाही. हाती आहे तो स्थानिक ताण कमी करणे: बंदरातला गाळउपसा, तुटून खडकात अडकलेली जाळी आणि पर्यटकांच्या होड्यांचे नांगर. लोखंडी नांगर खडकावर ओढला गेला की अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते. होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये बसवले तर हे टळते, आणि एवढ्या साध्या उपायाला उशीर का व्हावा हे समजणे कठीण आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये प्रवाळांचा समावेश झाला. त्यामुळे आठवण म्हणून मेलेला तुकडा घरी नेणेही गुन्हा ठरते. किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांत प्रवाळक्षेत्रे सर्वाधिक संवेदनशील वर्गात येतात. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत ट्रॉलर धक्क्याला असतात आणि पर्यटकांच्या होड्याही बंद असतात. मात्र नद्यांचा गाळ नेमका त्याच दिवसांत सर्वांत जास्त उतरतो. पाणी निवळते ते साधारण ऑक्टोबरात, आणि त्याच सुमारास बेटाकडे पुन्हा होड्या सुटू लागतात.