कारखान्यातून निघालेली लिमोझिन: एका मोजदादीची पार्श्वभूमी

जुन्या अमेरिकन लिमोझिन किती बनल्या, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटत असला, तरी मुळात तो व्याख्येचा आहे. आज लिमोझिन म्हटले की मधोमध कापून, तुकडा जोडून लांबवलेली सेडान डोळ्यांपुढे येते. अशा गाड्या बाहेरच्या कार्यशाळांत तयार होतात आणि मूळ कंपनीच्या लेखी त्या साध्या सेडानच असतात. या मोजदादीत धरलेली कारखान्याची लिमोझिन ही निराळी वस्तू होती: तिचा लांब सांगाडा निर्मात्याच्या स्वतःच्या यादीत असे, तिला स्वतंत्र मॉडेल क्रमांक असे आणि ती नेहमीच्या विक्रेत्याकडेच नोंदवता येई. अध्यक्ष केनेडी यांची 1961 ची, फोर्ड कंपनीची लिंकन मोटार जगभर ओळखीची असली, तरी ती सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्ट या कार्यशाळेने लांबवलेली असल्यामुळे या मोजदादीत बसत नाही.

1920 च्या दशकात श्रीमंत ग्राहक चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसह खालचा सांगाडा, एका कंपनीची घेत आणि बॉडी दुसरीकडून बांधून घेत. मंदीने हा व्यवसाय मोडकळीस आणला आणि बॉडी बांधणारे हळूहळू मोटार कंपन्यांच्या पोटात गेले. पेनसिल्व्हेनियातील फ्लीटवुड गावची बॉडी कंपनी तर मंदीच्याही आधी, 1925 मध्ये, कॅडिलॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्ससाठी बॉडी बनवणाऱ्या फिशर कंपनीने विकत घेतली, पुढे तिचे काम डेट्रॉईटला हलले आणि गावाचे नाव तेवढे कॅडिलॅकच्या गाड्यांवर उरले. 1936 मध्ये आलेल्या कॅडिलॅकच्या सिरीज 75 ने हे नाव अर्धशतक चालवले. त्याच वर्षी ब्यूकची लिमिटेड ही लांब गाडीही बाजारात आली. तिचा प्रवास मात्र 1942 च्या फेब्रुवारीत युद्धामुळे खासगी मोटारींचे उत्पादन थांबले तेव्हा संपला.

युद्धानंतर ही बाजारपेठ बहुतांशी कॅडिलॅकच्या हाती राहिली आणि तिची आकडेवारी वाचताना अडखळायला होते तेही सिरीज 75 च्याच बाबतीत. 1948 मध्ये कॅडिलॅकच्या इतर गाड्यांचे रूप पालटले, पण 75 ची युद्धपूर्व धाटणीची बॉडी 1949 पर्यंत तशीच चालू राहिली, कारण इतक्या थोड्या गाड्यांसाठी नवे साचे करणे परवडणारे नव्हते. त्यामुळे 1949 ची गाडी नव्या व्ही-8 इंजिनाची आणि जुन्या अंगाची आहे. केवळ छायाचित्रावरून तिचे साल ठरवू पाहणारा हमखास चुकतो. 1950 मध्ये नवी बॉडी आली आणि 1954 मध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर 149.75 इंच, म्हणजे जवळजवळ साडेबारा फूट झाले.

75 दोन प्रकारांत मिळे आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत. मधल्या घडीच्या खुर्च्याही दोन्हींत असत. पण चालकाच्या पाठीमागे वरखाली होणारी काच असेल, तरच कंपनी त्या गाडीला लिमोझिन म्हणे, एरवी ती नुसती सेडान. 1959 मध्ये सेडान 710 आणि लिमोझिन 690 बनल्या. पुढच्याच वर्षी हे आकडे 718 आणि 832 असे उलटले. म्हणून ‘1959 च्या 1,400 लिमोझिन’ असे कोणी लिहिले, तर त्याने दोन्ही प्रकार एकत्र केले आहेत हे ओळखावे. त्याहून मोठी गफलत शववाहिका आणि रुग्णवाहिकांसाठी बनणाऱ्या व्यावसायिक चासींमुळे होते. 1959 मध्येच अशा 2,102 चासी बाहेर पडल्या. त्यांवरच्या बॉडी इतरांनी बांधल्या, त्यामुळे त्यांना 75 मध्ये मिळवण्याचे काहीच कारण नाही.

प्रत्यक्ष गाडी समोर असेल, तर इंजिनामागच्या पत्र्यावरची बॉडीची पट्टी सर्वांत भरवशाची. 1941 चे 7523 आणि 7533, 1959 चे 6723 आणि 6733, 1965 पासूनचे 69723 आणि 69733 या जोड्यांत शेवटचे 23 सेडानचे आणि 33 लिमोझिनचे. साल लावताना मात्र मॉडेल वर्ष आणि कॅलेंडर वर्ष यांत घोळ होतो. 1930 च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत नवी मॉडेल आदल्या शरद ऋतूतच येऊ लागली, म्हणून 1959 च्या नोव्हेंबरात बनलेली गाडी 1960 ची धरली जाते.

क्रायस्लरच्या क्राउन इम्पीरियलने तर ‘कारखाना’ या शब्दालाच कोड्यात टाकले. 1955 मध्ये ही लांब गाडी अमेरिकेत अवघी 172 बनली. 1957 च्या नव्या धाटणीसाठी एवढ्याशा खपावर वेगळे साचे करण्याऐवजी कंपनीने दोन दारांच्या अर्धवट गाड्या इटलीत तुरिनच्या घिया कंपनीकडे जहाजाने पाठवल्या. तिथे त्या कापून 20.5 इंचांनी लांबवल्या जात, हाताने पूर्ण केल्या जात आणि पुन्हा समुद्र ओलांडून येत. 1965 पर्यंत अशा 132 गाड्या झाल्या. पहिल्या वर्षी 36, तर 1959 मध्ये फक्त सात. कापून लांबवलेली गाडी कारखान्याची कशी, हा आक्षेप रास्त आहे. तरीही ती क्रायस्लरच्या इम्पीरियल गाड्यांच्या यादीत होती, म्हणून माझ्या मते तिला या मोजदादीत धरावे. शिकागोच्या लेमन-पीटरसनने 1963 पासून 34 इंचांनी लांबवलेल्या लिंकन कॉन्टिनेंटलही फोर्डच्या संमतीने, लिंकनच्याच विक्रेत्यांमार्फत विकल्या जात. त्यांचे काम 1970 मध्ये थांबले.

त्यानंतर कॅडिलॅक एकटीच उरली. 1971 ते 1976 मध्ये तिच्या 75 च्या चाकांमधले अंतर 151.5 इंचांवर गेले, 1977 मध्ये ते 144.5 वर उतरले आणि 1985 मध्ये पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या नव्या रचनेत 134.4 इंचच राहिले. एव्हाना बाहेरच्या कार्यशाळा त्याहून कितीतरी लांब गाड्या बनवून देत होत्या. फ्लीटवुड 75 चे उत्पादन 1987 च्या मॉडेलवर बंद झाले.