दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा

मुंबईच्या स्वयंपाकघरात सकाळी पहिली हाताला लागते ती कात्री. दुधाच्या पिशवीचा कोपरा तिरका छाटायचा, दूध पातेल्यात ओतायचं आणि तो नखाएवढा त्रिकोण ओट्यावरून मोरीत घरंगळतो. पिशवी भंगारात जायची निदान शक्यता तरी असते, त्रिकोणाला तीही नाही. एवढा बारीक तुकडा कोणी वाकून उचलत नाही. तो मोरीच्या जाळीत अडकतो नाहीतर ओल्या कचऱ्यात जाऊन खतात मिसळतो, आणि तिथे कुजत नाही.

उपायाला पैसा लागत नाही. कोपरा पूर्ण तोडू नका. अर्धा सेंटिमीटर जोडलेला राहील इतपतच काप द्या. धार नीट पडते आणि त्रिकोण पिशवीला लटकून राहतो.

आता पिशवीकडे पाहू. ही पिशवी कमी घनतेच्या पॉलिथिनची असते. अर्ध्या लिटरच्या रिकाम्या पिशवीचं वजन भरतं साधारण ३ ग्रॅम. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घरात किलोभर प्लास्टिक जमायला साडेपाच महिने लागतात. उलट पिशवीच्या तळाशी चहाचा एक चमचा दूध राहिलं, तर तेच ५ ग्रॅम झालं. म्हणजे न धुतलेल्या पिशवीत प्लास्टिकपेक्षा दूधच जास्त! भंगारवाला अशा पिशव्यांना नाक मुरडतो, यात त्याचं काही चुकत नाही.

या दुधाने पुढे काय बिघडतं? पिशव्यांचे तुकडे करून, धुऊन, वाळवून, वितळवून त्यांचा दाणा (नव्या वस्तूंसाठीचा कच्चा माल) काढतात. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये छपरांवर वाळत घातलेले प्लास्टिकचे तुकडे दिसतात, ते याच साखळीतले. पॉलिथिन वितळवताना तापमान १६० ते २०० अंश सेल्सिअसच्या घरात असतं. तुकड्यांत ओल राहिली तर तिची तिथे वाफ होते आणि दाण्यात बुडबुडे अडकतात. दुधातली साखर आणि प्रथिनं करपतात, दाण्यात काळे ठिपके येतात. वासाचं दुखणं त्याहून चिवट. खवट झालेल्या दुधाच्या स्निग्धांशातला वास पॉलिथिनमध्ये मुरतो, कारण पॉलिथिन स्वतः तेलकट रेणूंना आपलंसं करणारं आहे. चार दिवस कोंडून ठेवलेली पिशवी नंतर कितीही घासली तरी वास राहतो. म्हणून ती त्याच दिवशी विसळायची.

विसळायला पाव कप गार पाणी पुरे. कढत पाणी नको, त्याने प्रथिनं शिजून आतून चिकटतात. पिशवीचं तोंड चिमटीत धरून दोनदा हलवा आणि पाणी चहाच्या आधणात ओता. काटकसरीच्या घरांत हे असंच चालत आलंय, फक्त त्यामागचा हेतू दुधाचा थेंब वाचवणं हा होता.

राज्यातल्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीने दुधाच्या जाड पिशव्यांना मुभा दिली. तेव्हा किमान ५० मायक्रॉन जाडीची आणि पिशवीवर परतफेडीचे निदान ५० पैसे छापण्याची अट होती. प्रत्यक्षात घरातून पिशवी गेलीच, तर किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जाते.

बाटल्यांचं गणित वेगळं आहे आणि ते घरच्या बादलीत करून पाहता येतं. पाण्याच्या बाटलीचा आणि तिच्या झाकणाचा एकेक तुकडा कापा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर तुकड्यांना हवेचे बुडबुडे चिकटून ते खोटेच तरंगतात. तुकडे बोटाने पाण्याखाली दाबून सोडा. बाटलीचा तुकडा बुडेल, कारण पीईटीची, म्हणजे बाटलीच्या प्लास्टिकची, घनता साधारण १.३८ आहे (पाण्याची १). झाकणाचा वर येईल. ते पॉलिप्रॉपिलीनचं किंवा जास्त घनतेच्या पॉलिथिनचं असतं, घनता ०.९० ते ०.९७. बाटल्यांचा चुरा करून धुणारे कारखाने हौदात नेमकं हेच करतात. त्यामुळे झाकण वेगळं काढायचा खटाटोप नको. बाटली रिकामी करा, चेपा आणि झाकण पुन्हा लावून टाका. सुटं झाकण त्या त्रिकोणासारखंच हरवतं.

ही युक्ती पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकपुढे मात्र हरते. काही बाटल्यांना आवळून बसणारं वेष्टन पीव्हीसीचं असतं. त्याची घनता १.३ च्या पुढे, म्हणजे तेही पीईटीसोबत तळाला जातं. पीईटी वितळायला सुमारे २५० अंश लागतात आणि पीव्हीसी त्याच्या बरंच आधी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतं. त्याने पीईटीच्या लांब साखळ्या तुटतात, माल पिवळा पडतो. चिमूटभर पीव्हीसी पुष्कळ मालाची वाट लावतं. आवळून बसलेलं वेष्टन असेल, तर ते तेवढं कात्रीने उभं कापून काढा.

टपरीवर मिळणाऱ्या कडक, पटकन तडकणाऱ्या पेल्याचा तुकडाही बुडतो. तो बहुधा पॉलिस्टायरीनचा, घनता साधारण १.०५. एक लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ विरघळवलं की तोच तुकडा वर येतो. थर्माकोलही पॉलिस्टायरीनच, पण त्यात हवा भरलेली असल्यामुळे तो कुठेही तरंगणार. खुर्च्या-टेबलांच्या प्लास्टिकला ही परीक्षा लावू नका. त्यात भुकटी मिसळलेली असते आणि निकाल चुकतो.

वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला भंगारवाला हात लावत नाही. दोन-तीन जातींचे पातळ थर एकावर एक चिकटवलेले, त्यात ॲल्युमिनियमचा मुलामा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ. हे थर सोडवणं परवडत नाही. ओळख सोपी आहे: मुठीत चुरगळून सोडा. पाकीट हळूहळू उलगडलं तर मुलाम्याचं प्लास्टिक, चुरगळलेलंच राहिलं तर खरी ॲल्युमिनियमची पन्नी. पन्नी पुसून सुक्या कचऱ्यात टाका, तिला किंमत आहे. गोळ्यांच्या पट्टीत बहुधा ॲल्युमिनियम आणि पीव्हीसी जोडलेलं असतं, ती घरी सोडवत बसू नका.

कागदाचा वैरी तेल. लगदा पाण्यात होतो आणि तेलकट तंतू पाणी धरत नाहीत. वडापावचा कागद रद्दीत घालू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तेलकट तळ फाडून उरलेला पुठ्ठा द्या. चहाचा कागदी पेला रात्रभर पाण्यात ठेवला, तर सकाळी कागद सुटतो आणि आतला प्लास्टिकचा पापुद्रा हातात येतो. रद्दीत तो न चालण्याचं कारण तेच.

राहिली वाळवणाची अडचण, आणि मुंबईत खरी गोची तिथेच होते. विसळलेली पिशवी उन्हाळ्यात दोरीला चिमट्याने उलटी टांगली की संध्याकाळपर्यंत वाळते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतकी ओल असते की बंद तोंडाच्या पिशवीतली वाफ बाहेरच पडत नाही आणि आत काळी बुरशी धरते. पावसाळ्यात वरची शिवण पूर्ण कापा (सुटी पट्टी पडू देऊ नका), पिशवी उघडा आणि पंख्याखाली फरशीवर किंवा फ्रिजची जी बाजू कोमट लागते तिच्यावर आतली बाजू बाहेर करून चिकटवा. ओल्या प्लास्टिकला चिकटपट्टीची गरज नाही. वाळली की ती आपोआप गळून पडते.