रविवारची उपासना वेगळी, रविवारची सुट्टी वेगळी

'रोमन लोक सूर्य पूजायचे, म्हणून ख्रिस्ती लोक रविवारी चर्चला जातात' असं कुणी ठासून सांगितलं की माझं डोकं फिरतं. उपासना आणि सुट्टी या दोन गोष्टींची ही सरमिसळ आहे.

शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, शनिवारी, आणि येशू रविवारी मेलेल्यांतून उठला ही ख्रिस्ती श्रद्धा. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. इ.स. १५० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर रोमन सम्राटाला लिहितो की सूर्याच्या दिवशी, म्हणजे रविवारी, आम्ही एकत्र जमतो. कारणं देतो ती जगाच्या निर्मितीची आणि पुनरुत्थानाची. सम्राट ऑरेलियनने रोममध्ये अजिंक्य सूर्य या रोमन देवाचं भव्य मंदिर बांधलं ते २७४ साली. त्यामुळे उपासनेचा वार सूर्यपूजेने दिला, हे मला मुळीच पटत नाही.

सुट्टीची गोष्ट मात्र निराळी. ७ मार्च ३२१ रोजी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने फर्मान काढलं: सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांनी काम थांबवावं. त्यात ख्रिस्ताचं नावही नाही, आणि त्याच सुमाराला सम्राटाच्या नाण्यांवर अजिंक्य सूर्य झळकत होता. सूर्याचा खरा हात दिसतो तो इथे.

पण म्हणून 'शब्बाथ उचलून रविवारी ठेवला' म्हणणारेही चुकतातच. फर्मानात शेतकऱ्यांना चक्क मोकळीक आहे: पेरणीचा, द्राक्षवेली लावायचा मोका हुकू नये म्हणून. याउलट मोशेचं नियमशास्त्र, म्हणजे यहुद्यांचा धर्मकायदा, बजावतं की नांगरणी-कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी विश्रांती घ्या. शब्बाथच हलवायचा असता तर शेताची सवलत कशी चालली असती? हा साचा रोमन सणांचा आहे. त्या दिवशी न्यायालयं बंद असायची, तशी ती आता दर आठवड्याला बंद झाली. जुलैमध्ये दुसरा हुकूम निघाला, की गुलाम मुक्त करण्याचं काम मात्र रविवारी चालेल.

चर्चलाही विश्रांतीची फार घाई नव्हती. चौथ्या शतकातल्या लाओदिकीया इथल्या चर्च-परिषदेने सांगितलं की शनिवारी काम करा, आणि रविवारी जमल्यास विसावा घ्या. 'जमल्यास' हा शब्द वादात सगळेच गाळतात!

३८६ सालच्या रोमन कायद्यातही आधी 'सूर्याचा दिवस' येतो, मग पूर्वज त्याला योग्यच 'प्रभूचा दिवस' म्हणत, अशी पुस्ती जोडलेली आहे. त्या दिवशी बंद काय, तर खटले आणि कर्जवसुली.