सॅडल बदलावे का? वादाची पार्श्वभूमी

सॅडल म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजवर (तारांच्या खालच्या टोकाच्या आधारावर) तार टेकते तो छोटा तुकडा. ते बदलले की टोन सुधारतो का, हा वाद जुना. फेंडर कंपनीच्या १९५१ च्या टेलिकास्टर गिटारीवर सहा तारांना पितळेचे तीनच सॅडल होते. एका तारेचे इंटोनेशन (मानेवर वर-खाली कुठेही वाजवले तरी सूर खरा राहणे) जुळवले की जोडीच्या तारेचे बिघडायचे. त्याच कंपनीच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरने (थोडक्यात स्ट्रॅट) प्रत्येक तारेला दाबून वाकवलेल्या पोलादी पत्र्याचे स्वतंत्र सॅडल दिले. इथपर्यंतचा सगळा खटाटोप सुरासाठी होता.

खरा गोंधळ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. स्ट्रॅटवर पत्रा जाऊन जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव सॅडल आले आणि 'टोन गेला' हे पालुपद सुरू झाले. पण त्याच सुमारास ट्रेमोलोचा (दांडी दाबून सूर हलवायच्या यंत्रणेचा) पोलादी ब्लॉक जाऊन ओतीव ब्लॉक आला आणि नेकच्या (गिटारीच्या मानेच्या) चार स्क्रूंचे तीन झाले. एवढे सगळे एकदम बदलल्यावर खापर एकट्या सॅडलवर कसे फोडायचे? तरीही फुटले. ते काढायला सोपे, विकायला त्याहून सोपे. दशक संपता संपता सस्टेनसाठी, म्हणजे सूर जास्त वेळ टिकावा म्हणून, पितळी सुट्या भागांची लाट आली. १९८२ मध्ये जुन्या धर्तीवर काढलेल्या गिटारींवर वाकवलेला पत्रा परतला, आणि एकेकाळचा साधा पत्र्याचा तुकडा आज 'अपग्रेड' म्हणून खपतो. पुढे तार तुटू नये म्हणून ग्राफाइटसारख्या निसरड्या पदार्थाचे सॅडलही निघाले. त्यांचा दावा निदान तपासता तरी येतो.

नागपुरात बर्डीवरून घेतलेल्या पहिल्या गिटारीबाबत हा प्रश्न हमखास निघतो. इथे मे महिन्यात खोलीत दिवसभर कूलर, मग लगेच पावसाळा. त्या दमट हवेत सॅडलच्या उंचीचे बारीक स्क्रू गंजून जाम होतात. ॲक्शन (तारांची उंची) खाली येईना, की मालक नव्या सेटच्या शोधात. तार बसते तिथे खाच पडली असेल तर मोकळी तार सतारीच्या जवारीसारखी झणझणते. टोकदार कड राहिली असेल तर तार दरवेळी तिथेच तुटते. स्क्रूचे आटे गेले किंवा खाच खोल गेली, तर खुशाल बदला. नुसती कड असेल तर बारीक पॉलिश पेपर पुरतो. टोनसाठी म्हणाल तर आधी नव्या तारा टाका आणि पिकअपची (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाची) उंची बदलून ऐका. फरक तिथे लगेच कळतो.

मागवायचेच असतील तर पहिल्या तारेच्या मध्यापासून सहावीच्या मध्यापर्यंत मोजा. जुन्या धर्तीच्या स्ट्रॅट ब्रिजवर हे अंतर साधारण ५६ मिमी भरते, बऱ्याच नव्या गिटारींवर ५२.५. रुंद सॅडल अरुंद ब्रिजवर शेजारी शेजारी मावतच नाहीत.